तुळशीच्या लग्नापर्यंतची मुदत

राज्याचा सांस्कृतिक कार्य विभाग, सिंधुदुर्गची जिल्हा नियोजन समिती, जिल्ह्यातले आजी-माजी लोकप्रतिनिधी आणि उद्या तसे होण्यासाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले सगळे, यांच्यासाठी हा जाहीर इशारा आहे. निवेदने देऊन झाली, त्यांच्या पोचा घेऊन झाल्या. सत्काराच्या स्टेजवर खांद्यावर शाल पडत असताना कानात सांगूनही झाले. ‘बघू, करू’ यापुढे गाडी सरकली नाही. म्हणून आता मुदत देतो: यंदाचे तुळशीचे लग्न. त्यानंतर आमच्याकडे जत्रा सुरू होतात, दशावताराचे पेटारे बाहेर पडतात, आणि त्या हंगामात आम्ही काय करणार ते शेवटी लिहिले आहे. त्याला कोणी धमकी म्हटले तरी आमची हरकत नाही.

आम्ही म्हणजे कुठली संघटना नव्हे. आमच्याकडे लेटरहेड नाही की अध्यक्ष-सचिव नाहीत. जत्रेत बारदानावर मांडी घालून पहाटेपर्यंत बसणारे प्रेक्षक, वाचनालयाची वर्गणी न चुकता भरणारे सभासद, रंगपटात स्वतःच्या हाताने तोंड रंगवणारे नट, एवढीच मंडळी. मतदार यादीत मात्र सगळ्यांची नावे आहेत.

आमच्या मुलखात देवाला गाऱ्हाणे घालायची रीत आहे. एक जण पुढे उभा राहून गावाच्या वतीने बोलतो आणि मागची मंडळी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ते देवळाच्या सभामंडपात. मंत्रालयातून येणाऱ्या प्रत्येक घोषणेलाही आम्ही तसेच ‘व्हय म्हाराजा’ म्हणू, असा समज कोणी करून घेतला असेल तर तो आधी सोडावा.

सुरुवात राजकोटपासून करतो, कारण ती जखम अजून ओली आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाच्या निमित्ताने पंतप्रधानांच्या हस्ते मालवणच्या राजकोटावर शिवछत्रपतींच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. वारा जोराचा होता, असे कारण सांगण्यात आले. मालवणात उभे राहून वाऱ्याची सबब ऐकायची म्हणजे कमाल झाली. समोरच पाण्यात १६६४ साली पाया घातलेला सिंधुदुर्ग उभा आहे; साडेतीनशेहून अधिक पावसाळे त्याच्या तटाने त्याच वाऱ्यात काढले. पुढे कला संचालनालयाच्या प्रमुखांनी सांगितले, की त्यांच्याकडे सहा फुटी मातीचा नमुना आला होता, त्याला मान्यता दिली. पुतळा ३५ फुटी होणार हे त्यांना कोणी कळवले नव्हते. चार दिवसांनी पालघरच्या सभेत पंतप्रधानांनी माफी मागितली. ११ मे २०२५ रोजी त्याच जागी ६० फुटी नवा पुतळा उभा राहिला. उंची वाढली.

कोणी म्हणेल, पुतळा पडला हा बांधकामाचा दोष. त्यात सांस्कृतिक धोरण कुठून आणता? त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अनावरण झाले तेव्हा मालवण नगरपरिषदेत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. मुदत संपून गेली होती, निवडणुका लांबल्या होत्या, कारभार प्रशासकाच्या हाती होता. जिल्हा परिषदेतही तीच गत. पुतळा पडला त्या दिवशीही तसेच. म्हणजे महाराजांच्या नावाने एवढे मोठे काम मालवणच्या जमिनीवर झाले, आणि ‘हिशेब दाखवा, नमुना दाखवा, खाऱ्या हवेत हे लोखंड किती दिवस टिकेल ते सांगा’ असे अधिकाराने विचारणारा लोकांचा माणूस सभागृहात नव्हताच. गंज काय चीज आहे हे आमच्या धक्क्यावरचा कुठलाही खलाशी फुकट सांगू शकला असता. त्याला विचारण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

हेच आमचे म्हणणे आहे. ज्या समाजाला लोकशाही चालवायची आहे, तिथल्या सरकारने लोक जिथे जमतात, वाचतात, बोलतात आणि सत्तेला हसतात त्या जागा सांभाळाव्यात, आणि तिथे काय बोलले जावे यात हात घालू नये. आपल्याकडे नेमके उलटे चालले आहे. बोलण्यावर पहारा आहे आणि जागेला गळती लागली आहे.

महाराष्ट्राला हे ठाऊक नव्हते असे नाही. राज्य झाले त्याच १९६० साली यशवंतराव चव्हाणांनी साहित्य आणि संस्कृतीचे मंडळ स्थापन केले आणि अध्यक्षपदी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना बसवले. होयबा म्हणून तर्कतीर्थांची ख्याती कधीच नव्हती. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात हेच यशवंतराव, तेव्हा केंद्रीय मंत्री, स्वागताध्यक्ष होते आणि अध्यक्ष होत्या दुर्गाबाई भागवत. आणीबाणी चालू असताना दुर्गाबाईंनी त्या मंडपात लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला सांगितले. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली, तेव्हा तो काळ काही रामराज्य नव्हता. पण संमेलनाचा मंडप त्या दिवशी सरकारचा झाला नाही.

आता डिसेंबर २०२२ आठवा. कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला राज्याचा पुरस्कार ६ तारखेला जाहीर झाला. पुरस्कारावर नाव होते त्याच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचे. १२ तारखेला सरकारने तो रद्द केला आणि निवड करणारी समितीही बरखास्त केली. पुस्तक चांगले की वाईट, त्यावर वाद घालायला आम्ही कधीही तयार आहोत. वाचनालयात या, चहा आमच्याकडून. पण सहा दिवसांत शासन निर्णय काढून परीक्षकांनाच घरी पाठवणे हा वाद नव्हे. त्यानंतर मंडळावरच्या आणि समित्यांवरच्या काही लेखकांनी राजीनामे दिले. सरकारवर त्याचा किती परिणाम झाला ते सगळ्यांनी पाहिलेच.

धोरणाचे कागद मात्र भरपूर. २०१० साली आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली झालेले सांस्कृतिक धोरण आहे. पुढचे आले २०२४ मध्ये, विनय सहस्रबुद्धे यांच्या समितीचे. मध्ये चौदा वर्षे गेली, रामाच्या वनवासाइतकी. दोन्हींत चांगल्या शिफारशी आहेत, हे मान्य करायला आम्हाला संकोच नाही. प्रश्न असा, की त्यातले काय पिंगुळीपर्यंत, आरवलीपर्यंत, देवबागपर्यंत पोचले? ब्रिटनमध्ये १९४६ साली आर्ट्स कौन्सिल स्थापन झाले. अर्थतज्ज्ञ केन्स यांची ती कल्पना. पैसे सरकारचे, पण कोणाला द्यायचे ते मंत्र्याने ठरवायचे नाही, एवढाच साधा दंडक. त्याच युरोपात हंगेरीने डिसेंबर २०१९ मध्ये कायदा करून नाट्यगृहांच्या संचालकांच्या नेमणुकीत मंत्र्याचा हात शिरकवला. बुडापेस्टमध्ये लोक रस्त्यावर उतरले. आपण यातल्या कोणत्या वाटेने निघालो आहोत ते सांगायला तज्ज्ञ समिती नको.

आता दशावतार. तिथे जरा बसून बोलावे लागेल.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. रंगपटात बसल्या बसल्या आख्यान ठरते, कोणी कोणता पार्ट करायचा ते ठरते, आणि बाकीचे सगळे रंगमंचावर उभ्या उभ्या सुचते. राजाचे सिंहासन म्हणजे एक लाकडी बाकडे. पायपेटी, पखवाज, झांज. राजा शुद्ध मराठीत प्रधानाला विचारतो, आमची प्रजा सुखी आहे ना? आणि कोपऱ्यातला विनोदी नट मालवणीत उत्तर देतो, “सुखी आसत म्हाराज, पन लायट गेली हा, म्हणान दिसनत नाय.” समोर सरपंच बसलेले असतात, महावितरणचा वायरमन बसलेला असतो, तोही हसतो. दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात तोच राजा तोच प्रश्न विचारतो आणि उत्तर वेगळे येते, कारण त्या गावचे दुखणे वेगळे. याच किनाऱ्याने १९५७ पासून तीनदा नाथ पैंना आणि १९७१ पासून पाचदा मधु दंडवतेंना लोकसभेत पाठवले. दोघेही वक्ते होते, दोघेही मतदाराला शहाणा समजून बोलत. रात्र रात्र बसून संवाद ऐकणारा, आणि राजा खोटे बोलला की तोंडावर हसणारा मतदार इथे होता, याचा त्याच्याशी संबंध आहे असे आम्ही धरून चालतो. पुरावा मागू नका, जत्रेला या.

आणि हल्ली काय होते? मध्यरात्र उलटलेली असते. युद्धाचा प्रसंग, पखवाज चढत चाललेला, राजाची तलवार वर गेलेली. तेवढ्यात गाड्यांचे दिवे येतात. माईकवर आवाज: ‘आपले लाडके, कार्यसम्राट...’ राजा तलवार खाली घेतो. बाकड्यावर पुढारी बसतात, नारळ येतात, शाली येतात, फोटो निघतात. भाषण ‘दोन शब्द’ म्हणून सुरू होते. शत्रूचा पार्ट करणारा नट बाजूला उभा राहून घाम पुसतो. चेहऱ्यावरचा रंग ओघळू नये म्हणून नुसता टिपतो. स्त्रीपार्टी नेसलेल्या लुगड्याचा काष्टा सांभाळत जमिनीवर टेकतो. या नटाला सकाळी काजूच्या बागेत कामाला किंवा रिक्षाच्या स्टॅण्डवर जायचे असते. पाऊण तासाने गाड्या जातात, राजा पुन्हा तलवार उचलतो, पण पोरे झोपलेली असतात आणि युद्धात जीव राहिलेला नसतो. ज्या रंगमंचावरून सत्तेला टोमणा बसायचा तो सत्तेच्या सत्काराचा ओटा झाला. कुणीही बंदी घातली नाही. कायद्याची गरजच पडली नाही.

कायदा आहेच, तो वेगळ्या ठिकाणी. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, असा २००० सालचा केंद्राचा नियम आहे. राज्याला वर्षातले १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते. आवाजाचा त्रास खरा आहे, म्हाताऱ्या-आजाऱ्यांना झोप लागत नाही, तेव्हा नियम मोडा असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या कलेचा जीवच रात्री अकरानंतर सुरू होतो तिच्याविषयी जिल्ह्यात एक स्पष्ट, लेखी पद्धत असू नये? देवळाच्या अंगणापुरताच आवाज राहावा, कर्णे नकोत, बिनमाईकचा खेळ करणाऱ्या कंपनीला वेगळे साहाय्य मिळावे, असे बसून ठरवता येते. ठरवत नाहीत. म्हणून मग दरेक जत्रेत ठाण्याची मर्जी आणि पुढाऱ्याचा फोन. मर्जीवर चालणारी कला कोणाला टोमणा मारणार?

नागर रंगभूमीची कथा आणखी निराळी. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. ‘सखाराम बाइंडर’च्या वेळी १९७२ पासून या पद्धतीने काय गोंधळ घातला ते नाट्यरसिकांना सांगायला नको. इंग्रजांनी १८७६ साली केलेला नाट्यप्रयोगांचा कायदा देशाने अलीकडेच रद्द केला. आपले मंडळ मात्र जागेवर आहे. १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ आले, मच्छिंद्र कांबळींनी ते जगभर नेले, आणि ज्या मालवणीला लोक गावंढळ म्हणत ती ऐकायला शिवाजी मंदिरात रांगा लागल्या. गावातले लोक नाटक बसवताना एकमेकांना, देवांना आणि स्वतःला हसतात, एवढेच त्यात आहे. आज तसे नाटक नव्याने लिहिणाऱ्याने आधी कोणाच्या भावना मोजायच्या, याचे उत्तर आम्हाला द्या.

वृद्ध कलावंतांच्या मानधनाचे सांगतो. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, २०२४ मध्ये रक्कम सरसकट महिना ५,००० रुपये झाली. चांगले केले. पण गावोगावचा अनुभव असा, की अर्ज कोणामार्फत गेला यावर त्याचे नशीब ठरते. यादीत कोण आले, कोण का वगळले गेले, याचा कागद पंचायतीच्या फळ्यावर लागत नाही. पन्नास वर्षे पखवाज वाजवलेला माणूस पुढाऱ्याच्या पडवीत ताटकळतो. पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या कशा टिकवल्या? परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गोठ्याचे संग्रहालय केले. पद्मश्री २०२१ मध्ये आली. गोठ्यातल्या त्या कामाला तेव्हा कोणा मंत्र्याचा नारळ लागला नव्हता.

वाचनालयांवर थोडक्यात. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे आहे. म्हणजे या जिल्ह्याला वाचायला सरकारने शिकवलेले नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने अनुदान सुरू केले, अ-ब-क-ड वर्ग पाडले. पण ग्रंथपालाच्या हातात पडणारी रक्कम बघितली तर त्याने ती वर्गणी म्हणून वाचनालयालाच परत करावी अशी वेळ आहे. एका महोत्सवाच्या एका रात्रीच्या मंडपाचे बिल आणि तालुक्यातल्या वाचनालयांचे वर्षाचे अनुदान, हे दोन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी छापून दाखवा. आम्हाला दुसरे काही नको.

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. आनंद आम्हालाही झाला. पण सिंधुदुर्गाच्या आत आजही कुटुंबे राहतात, राजाराम महाराजांच्या काळच्या शिवराजेश्वराची पूजा होते, आणि धक्क्यावरून होडीवाले माणसे ने-आण करतात. वारशाच्या व्यवस्थापनाचा आराखडा मराठीत या लोकांपुढे ठेवून त्यांची मते लेखी घ्या. त्यांना वगळून केलेला वारसा पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकापुरता राहील.

आणि आमच्याच मंडळींनाही दोन शब्द, कारण सगळा दोष मुंबईवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. गावऱ्हाटी, बारा-पाच मानकरी, कोणी पालखीला खांदा द्यायचा, कोणी लांब उभे राहायचे: यात लोकशाही किती आणि जात किती, ते आपल्याला माहीत आहे. मानपानाच्या भांडणातून जत्रा बंद पडतात, देवळाला कुलूप लागते, पोलिसांना बोलावणे जाते. ज्या आचऱ्यात रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव, जात-धर्म न बघता, तीन दिवस वेशीबाहेर राहुट्यांत राहतो, त्याच पट्ट्यातली ही भांडणे. आपले घर न झाडता सरकारकडे बोट दाखवले तर ते बोट कोणी मनावर घेणार नाही. वर्गणी सगळ्यांची असेल तर सभामंडपातली जागाही सगळ्यांची. हे आपल्या गावात आपणच करायचे आहे आणि त्यालाही तुळशीच्या लग्नाचीच मुदत.

तर मागण्या. सार्वजनिक पैशातून उभारायच्या कुठल्याही पुतळ्याचा, स्मारकाचा नमुना, अंदाजपत्रक, कंत्राटदार आणि देखभालीची जबाबदारी काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत मराठीत मांडा. लोकांनी निवडलेले सभागृह नसेल तर थांबा. महाराजांना घाई नाही. कलावंत मानधनाची यादी, नाकारलेल्या अर्जांच्या कारणांसह, पंचायतीच्या फळ्यावर लावा. दशावताराच्या रात्रींसाठी कायद्यात बसणारी लेखी पद्धत जत्रांच्या आधी जाहीर करा. परीक्षकांनी दिलेला पुरस्कार सरकारला रद्द करता येणार नाही असा नियम करा. नाटकाचे पूर्वप्रमाणपत्र बंद करा. गुन्हा घडला तर न्यायालये आहेत. जिल्ह्याच्या सांस्कृतिक खर्चात मंडप-रोषणाईला किती आणि वाचनालये, तालमीच्या जागा, कलावंतांना किती, ते आकडे छापा.

मुदतीत हे झाले नाही, किंवा निदान लेखी तारखांसह सुरू झाले नाही, तर पुढीलप्रमाणे होईल. पहिल्या जत्रेपासून रंगमंचावर कुठल्याही पक्षाचा सत्कार होणार नाही. पुढारी चढले की पखवाज थांबणार नाही, राजा तलवार खाली घेणार नाही आणि विनोदी नटाला जे सुचेल ते तो बोलेल. माईक हिसकावलात तर प्रेक्षक उठून देवळाच्या मागे जातील आणि खेळ तिथे, बिनमाईकचा, पुढे सुरू होईल. सरकारी महोत्सवात आमच्या कंपन्या येणार नाहीत. मंडप, खुर्च्या आणि रोषणाई तुमची, समोर बसायला माणसेही तुम्हीच आणा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गावागावांतून एकच ठराव येईल आणि त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचे अर्ज पडतील, राजकोटच्या पहिल्या पुतळ्याच्या प्रत्येक कागदासाठी. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला वरच्या मागण्यांवर ‘होय’ की ‘नाही’ ते सभामंडपात, सगळ्यांपुढे, सही करून सांगावे लागेल. ‘बघू, करू’ लिहिले तर ते ‘नाही’ धरले जाईल.

जत्रेला यायला कोणालाच मनाई नाही. गाडी वेशीवर लावा, चालत या, नारळ देवापुढे ठेवा आणि जागा मिळेल तिथे खाली बसा.